हरतालिकेची डोकेदुखी आणि चारचा चहा

माझ्या आईचं डोकं दर हरतालिकेला दुपारी धरायचं. सकाळची पूजा ती हौसेने करायची. पत्री, वाळूचं लिंग, कहाणी, सगळं यथासांग. बारा वाजून गेले की मात्र कपाळाला सुती फडकं घट्ट बांधून आतल्या अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. रात्री जागरणाला बायका फुगड्या घालत असायच्या आणि ही भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली असायची. आजी म्हणायची, "निर्जळी उपवास आहे, पित्त चढणारच." आई म्हणायची, "माझ्याच्यानं आता होत नाही गं." त्या बोलण्यात अपराधीपणा असायचा. आपलीच भक्ती कुठेतरी कमी पडते आहे, असा. मला ते आजही आठवलं की वाईट वाटतं, कारण तिच्या दुखण्याचा भक्तीशी काही संबंध नव्हता, आणि पित्ताशीही फारसा नव्हता. आदल्या दिवशी संध्याकाळी चार वाजता तिने शेवटचा चहा घेतलेला असायचा. त्यानंतर तिच्या शरीराला कॅफीन मिळालेलं नसायचं.

हे मी कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कॅफीन कॉफीत असतं ना? चहात कुठून आलं?"

हा गैरसमज पुष्कळ जुना आहे आणि एकेकाळी शास्त्रज्ञांचाही होता. १८१९ साली फ्रीडलिब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळं काढलं. त्या बिया त्याच्या हातात ठेवून "यात काय आहे ते शोध" असं सुचवलं होतं महाकवी गटे यांनी. पुढे १८२७ मध्ये चहातून असाच एक पदार्थ मिळाला, तेव्हा त्याला 'थेईन' असं वेगळं नाव दिलं गेलं. दोन्ही पदार्थ एकच आहेत हे कळायला १८३८ साल उजाडलं. म्हणजे आपण चहावाले असू की कॉफीवाले, रसायन तेच. फरक मात्रेचा.

मात्रेचे आकडे आपल्याकडचेच आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यानुसार १५० मिलीलीटरच्या एका कपात, बियांच्या पुडीपासून केलेली कॉफी असेल तर ८० ते १२० मिलीग्रॅम, झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलीग्रॅम आणि चहात ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफीन असतं. मोठ्या माणसाने दिवसाला ३०० मिलीग्रॅमच्या आत राहावं, असं ही संस्था सांगते. ३० आणि ६५ मध्ये दुपटीपेक्षा जास्त अंतर आहे, कारण चहा कसा केला यावर बरंच अवलंबून असतं. पावडर किती घातली, ती किती बारीक होती, आधण किती वेळ उकळलं. आपल्याकडचा चहा म्हणजे बारीक दाणेदार पावडर आणि दणदणीत उकळी. कॅफीन पाण्यात उतरायला याहून सोयीचं काही नाही. दूध घातल्याने चहा सौम्य लागतो, पण उतरलेलं कॅफीन कुठे जात नाही.

उलट एक गंमतीची गोष्ट आमच्या घरच्या जायफळाच्या कॉफीची. रात्री पाहुणे आले की आजी दुधात चिमूटभर कॉफी, साखर आणि किसलेलं जायफळ घालून द्यायची, आणि ती प्यायल्यावर सगळे गाढ झोपायचे. श्रेय जायफळाला मिळायचं. मला वाटतं, त्यात कॉफीच इतकी थोडी असायची की झोप उडण्याचा प्रश्नच नव्हता. दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरीत कॅफीन अजिबात नसतं, त्यामुळे कडू आणि काळीभोर दिसणारी कॉफी दिसते तितकी जोरदार असेलच असं नाही. रंगावरून आणि कडवटपणावरून अंदाज बांधला की फसगत होते.

रुमाल टाकून धरलेली जागा

कॅफीन शरीरात जाऊन करतं काय? तरतरी येते, म्हणजे ऊर्जा मिळते, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कॅफीन ऊर्जा देत नाही. बिनसाखरेच्या कोऱ्या कॉफीत उष्मांक जवळजवळ शून्य असतात. ते फक्त थकव्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही.

आपण जागे असतो, काम करत असतो, तेव्हा पेशी ऊर्जा वापरतात आणि त्यातून अ‍ॅडेनोसीन नावाचा पदार्थ मेंदूत साठत जातो. मेंदूच्या पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तिथे तो जाऊन बसला की पेशींचं काम मंदावतं आणि आपल्याला जडपणा, पेंग जाणवते. दिवस चढेल तसं अ‍ॅडेनोसीन वाढतं, रात्री झोपेत त्याचा निचरा होतो, सकाळी पाटी बरीचशी कोरी होते.

कॅफीनच्या रेणूचा आकार अ‍ॅडेनोसीनशी मिळताजुळता आहे. त्यामुळे त्याच जागांवर ते जाऊन बसतं, पण अ‍ॅडेनोसीनचं काम मात्र करत नाही. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं हे आहे. सीटवर माणूस नाही, पण जागा अडलेली आहे. खरे प्रवासी मधल्या वाटेत ताटकळत उभे. मेंदूला वाटतं, गाडी रिकामीच आहे. तीच आपली तरतरी.

उभे असलेले प्रवासी उतरून गेलेले नसतात, हे इथे लक्षात घ्यायला हवं. अ‍ॅडेनोसीन साठतच असतं. काही तासांनी रुमाल सरकले की सगळे एकदम बसतात आणि अचानक गळून गेल्यासारखं होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री कॉफीवर कॉफी घेऊन अभ्यास करणाऱ्या मुलांची सकाळी पेपरात जी अवस्था होते ती यामुळे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये रात्री जागणाऱ्या मुलांना मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं. वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. कॉफी जागं ठेवते, झोपेचं काम करत नाही.

रोज चहा घेणाऱ्यांच्या बाबतीत यापुढे आणखी एक गोष्ट घडते. शरीर बघतं की जागा कायमच अडलेल्या आहेत. मग ते हळूहळू गाडीत जास्तीची बाकं बसवतं. अ‍ॅडेनोसीनसाठीच्या जागा वाढतात. म्हणून पहिल्या महिन्यात एका कपाने जी किक बसायची तिला पुढे दोन कप लागतात. आणि म्हणूनच एखाद्या दिवशी चहा चुकला की या वाढीव जागांसकट सगळीकडे अ‍ॅडेनोसीन बसतं. चहा कधीच न पिणाऱ्या माणसापेक्षा आपण त्या दिवशी जास्त मंद, जास्त चिडचिडे असतो.

यातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रत्येक चहाबाजाने स्वतःला एकदा विचारावा असा आहे. सकाळच्या पहिल्या कपाने जे बरं वाटतं, ते खरोखर काही जास्तीचं मिळाल्यामुळे, की रात्रभराची तूट भरून निघाल्यामुळे? रोज पिणाऱ्यांच्या बाबतीत त्यातला बराच वाटा तूट भरून निघण्याचा असतो, असं या विषयातले अनेक संशोधक म्हणतात.

आईच्या डोकेदुखीचं गणित

अ‍ॅडेनोसीन रक्तवाहिन्या सैल करण्याचंही काम करतं. रोज कॅफीन मिळत असतं तेव्हा मेंदूतल्या रक्तवाहिन्या थोड्या आवळलेल्या राहतात. कॅफीन बंद झालं की त्या सैलावतात, मेंदूकडे जाणारा रक्ताचा ओघ वाढतो आणि डोकं ठणकायला लागतं. हा त्रास शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांनी सुरू होतो. सर्वांत जास्त साधारण २० ते ५१ तासांच्या दरम्यान असतो आणि पुढे चहा घेतलाच नाही तर २ ते ९ दिवसांत ओसरतो. सोबत थकवा, पेंग, चिडचिड, कशात लक्ष न लागणं, कधी मळमळही. यासाठी खूप चहा प्यायला हवा असंही नाही. रोज १०० मिलीग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप चहा नियमित घेणाऱ्यालाही हे होऊ शकतं.

आता आईचा दिवस मांडून बघा. सकाळी सहाला मोठा कप, अकराला एक, जेवण-भांडी आटोपून दुपारी पडल्यावर चारला एक. आल्यागेल्याबरोबरचा अर्धा कप वेगळा. दीडशे मिलीग्रॅम तरी सहज. हरतालिकेच्या आदल्या दिवशी चारचा चहा शेवटचा. दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा म्हणजे बरोबर वीस तास. तिचं डोकं घड्याळ लावल्यासारखं बारानंतर का धरायचं, ते इतकं सरळ आहे. चतुर्थीच्या पहाटे चहा घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ती उठून मोदकांची तयारी करायला लागायची, त्याचंही उत्तर यातच आहे, कारण पोटात गेलेलं कॅफीन जवळजवळ सगळं पाऊण तासात रक्तात उतरतं.

उपवासात पाणी नसतं, पोटात अन्न नसतं, झोपही कमी झालेली असते. या सगळ्याने डोकं दुखू शकतं, ते मी नाकारत नाही. पण हेच कोडं जगभर भेटतं. यहुदी लोकांच्या योम किप्पुरच्या उपवासात आणि रमजानच्या पहिल्या एक-दोन रोज्यांत अशाच डोकेदुखीचा अभ्यास झाला आहे आणि रमजानच्या बाबतीत चहा-कॉफी अचानक बंद होण्याकडे बोट दाखवलं गेलं आहे. आपल्या साध्या एकादशी-चतुर्थीला चहा चालतो, म्हणून तेव्हा डोकं दुखत नाही. निर्जळी हरतालिकेलाच दुखतं. हा फरक आमच्या घरात कित्येक वर्षं कुणाच्या ध्यानात आला नाही.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मी थक्क झाले होते. एका वर्षी दुखणं असह्य झालं म्हणून आईने रात्री सॅरिडॉन घेतली आणि तिला पटकन बरं वाटलं. त्या गोळीत पॅरासिटामॉल आणि प्रोपिफेनाझोनबरोबर ५० मिलीग्रॅम कॅफीन असतं. कॅफीनमुळे वेदनाशामकाचा परिणाम वाढतो, म्हणून ते डोकेदुखीच्या अनेक गोळ्यांत मुद्दाम घातलेलं असतं. म्हणजे तिने एका अर्थाने चहाच घेतला होता. गोळीच्या पाकिटावरचे घटक वाचायची सवय मला तेव्हापासून लागली. अशा मिश्र गोळ्या महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस घेत राहिलं तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते, हेही माहीत असलेलं बरं.

मग याला व्यसन म्हणायचं का? घरोघरी या शब्दावरून भांडणं होतात. सून सासूला म्हणते, नवरा बायकोला म्हणतो, "तुला चहाचं व्यसनच लागलंय." अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत कॅफीन बंद केल्याने होणाऱ्या त्रासाला अधिकृत निदान म्हणून जागा मिळाली. कॅफीनच्या व्यसनाला मात्र 'यावर अजून अभ्यास व्हायला हवा' अशा यादीत ठेवलं गेलं. मला ही विभागणी समंजस वाटते. शरीर सवयीचं होतं आणि तुटलं की बोंब मारतं, हे खरं. पण चहासाठी कुणी घरदार विकत नाही, कामधंदा सोडत नाही. तल्लफ येणाऱ्या माणसाला मन दुबळं असल्याचा शिक्का मारणं अन्यायाचं आहे.

"मला तर कॉफी घेऊन मस्त झोप लागते"

असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो आणि तो खोटं बोलत नसतो.

कॅफीनचा निचरा यकृत करतं. रक्तातलं कॅफीन निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे त्याचा अर्धायुकाल. निरोगी मोठ्या माणसात तो सरासरी पाच तास धरतात, पण कुणात दीड तास, तर कुणात साडेनऊ तासही असतो. पाच तासांनी हिशेब करू. संध्याकाळी सहाला शंभर मिलीग्रॅमची तगडी कॉफी घेतली, तर रात्री अकराला शरीरात पन्नास मिलीग्रॅम शिल्लक. म्हणजे झोपायला जाताना एक कप चहा पिऊन गेल्यासारखंच. पहाटे चारला पंचवीस. ज्याचं यकृत वेगाने काम करतं त्याला याने काही होत नाही. ज्याचं सावकाश चालतं, तो छताकडे बघत पडतो. हा वेग बराचसा जन्मजात ठरतो, त्यात फुशारकीचं काही नाही आणि लाजेचंही नाही.

पण झोप लागणं आणि झोप चांगली होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅफीनने गाढ झोपेचा भाग कमी होतो आणि ते माणसाला स्वतःला कळतंच असं नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलीग्रॅम कॅफीन दिलं, तरी एकूण झोप तासाभराहून जास्त कमी झाली. मात्रा मोठी होती हे मान्य. तरी सहा तास म्हणजे संध्याकाळचा चहा आणि रात्रीची झोप यांतलं आपलं नेहमीचं अंतर. सकाळी उठल्यावर अंग जड वाटतं, म्हणून कडक चहा लागतो, त्याने दुपारी पुन्हा गळाठा येतो, म्हणून चारचा चहा, आणि त्याने रात्रीची झोप पुन्हा पातळ. हे चक्र कितीतरी घरांत वर्षानुवर्षं चालू आहे.

निचऱ्याचा वेग आयुष्यात बदलतोही, आणि हे लोकांना सहसा कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगाने काढून टाकतं. माझ्या काकांनी साठीनंतर सिगारेट सोडली, तेव्हा आठवड्याभरात त्यांचे हात थरथरायला लागले, छातीत धडधड, रात्री झोप नाही. सगळे म्हणाले, निकोटीन सुटल्याचा त्रास आहे. तो होताच. पण टपरीवरचा चहा त्यांनी पूर्वीइतकाच चालू ठेवला होता, आणि धुराचा वेग गेल्यावर तोच चहा शरीरात दुप्पट साठत होता. सिगारेट सोडणाऱ्याने चहा-कॉफी त्याच वेळी निम्म्यावर आणावी. सोडण्याच्या कठीण दिवसांत एवढी माहितीसुद्धा मोठा आधार देते.

संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईत अर्धायुकाल साधारण दुपटीने वाढतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो पंधरा तासांपर्यंत जातो, आणि कॅफीन वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं. म्हणून युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने गरोदर स्त्रियांसाठी दिवसाला २०० मिलीग्रॅमची मर्यादा सांगितली आहे, म्हणजे तीन-चार कप चहा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक चालू असतानाही कॅफीन रेंगाळतं. नवजात बाळात तर ते निम्म्यावर यायलाच तीन-चार दिवस लागतात. गंमत अशी की दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा श्वास मध्येच थांबतो, तेव्हा डॉक्टर त्यांना मोजून-मापून कॅफीनच देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याची नोंद आहे.

मुलांबद्दल मात्र मला काळजी वाटते ती दुसऱ्या बाजूने. गावोगावच्या किराणा दुकानांत थंड पेयांच्या रांगेत आता एनर्जी ड्रिंकच्या स्वस्त बाटल्या असतात आणि शाळेतली मुलं त्या सरबतासारख्या पितात. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने अशा पेयात लीटरला ३०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं. म्हणजे पाव लीटरच्या बाटलीत ७५ पर्यंत. मुलांसाठी वजनाच्या दर किलोला दिवसाला ३ मिलीग्रॅम ही मर्यादा धरली, तर तीस किलोच्या मुलाचं दिवसाचं माप ९०. एका बाटलीत ते जवळजवळ भरलं. घरी त्याला चहा द्यायला आई नको म्हणते आणि दुकानात तो कपभर चहाहून जास्त कॅफीन पिऊन येतो. मुलांनी पिऊ नये असं बाटलीवर लिहिलेलं असतं, पण ते इतक्या बारीक अक्षरांत की कोण वाचणार?

जेवणाबरोबरच्या चहाचा दोष कॅफीनचा नाही, तरी सांगून टाकते. चहातल्या तुरट घटकांमुळे पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह पुरेसं अंगी लागत नाही. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५७ टक्के जणींना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. भाकरी-उसळीवर लगेच चहा पिणाऱ्या बाईने तो तासभर पुढे ढकलावा. राष्ट्रीय पोषण संस्थाही जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर थांबायला सांगते. फुकटचा उपाय आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आईशी बोलले. ती आधी ऐकेना. "चहाने कुणाचं डोकं दुखतं का? चहाने तर थांबतं," म्हणाली. थांबतं ते का, हे मी एसटीच्या रुमालावरून सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं."

उपवासाच्या दिवशी करण्यासारखं काहीच नव्हतं, जे करायचं ते आधी. चहा एकदम तोडला की दुखतं, पायरीपायरीने उतरवला की शरीर जास्तीची बाकं स्वतःच काढून टाकतं. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सुरुवात केली, हरतालिकेला नऊ-दहा दिवस होते. आधी मोठा कप फडताळात ठेवून दिला आणि सगळे चहा छोट्या कपात. दोन दिवसांनी अकराचा चहा अर्धा. आणखी दोन दिवसांनी तो बंद. मग चारच्या चहात पावडर निम्मी, आलं-गवती चहा जास्त. पोळ्याला ती सकाळच्या एका छोट्या कपावर आली होती. मधे एक दिवस डोकं थोडं जड झालं, तेव्हा आम्ही तिथेच दोन दिवस थांबलो.

त्या हरतालिकेला दुपारी बाराला ती स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या मोदकांसाठी नारळ खवत होती. एक वाजला, दोन वाजले, मी दर थोड्या वेळाने तिच्या कपाळाकडे बघत होते. रात्री ती फुगडी खेळली, तीन फेऱ्या, पुढे गुडघ्याने साथ दिली नाही. पहाटे उत्तरपूजा झाल्यावर तिने आधण ठेवलं, आलं ठेचून घातलं, आणि फडताळातला मोठा कप काढायला हात वर नेला. मग तो तसाच ठेवून छोटा घेतला.